प्रॉमची रात्र आणि गाडीची किल्ली: अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांसाठी

एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या हायस्कूलांमध्ये प्रॉमचे, म्हणजे शाळेच्या औपचारिक नाच-समारंभाचे, शुक्रवार-शनिवार येतात. आपल्यापैकी बहुतेकांना गॅदरिंग माहीत, निरोप समारंभ माहीत. पण सतरा वर्षांचं पोर रात्री साडेअकराला चार मित्रांना गाडीत घालून निघालंय, हे आपल्या लहानपणी कोणी पाहिलेलं नाही. त्यामुळे घराघरांत दोन टोकं दिसतात. काही ठिकाणी ‘जायचंच नाही’, आणि काही ठिकाणी ‘इथल्या मुलांना सगळं कळतं’ म्हणून किल्ली देऊन मोकळे. दोन्ही चूक. प्रॉमला जरूर जाऊ द्या. फक्त रात्री अकरानंतर गाडी कोण चालवणार, हे दोन-तीन आठवडे आधी पक्कं करा आणि मुलासमोर करा. बाकीची तयारी त्या निर्णयावर उभी राहते.

आधी ती रात्र तासातासाने कागदावर मांडा

प्रॉम म्हणजे एक कार्यक्रम नसतो, चार-पाच फेऱ्या असतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास कुणाच्या तरी अंगणात किंवा बागेत फोटो. तिथून हॉटेलवर किंवा हॉलवर. साधारण साडेदहा-अकराला नाच संपतो. मग आफ्टर-पार्टी, आणि शेवटी घर. मुलाला शेजारी बसवून प्रत्येक फेरीपुढे चार गोष्टी लिहून घ्या: पत्ता, निघायची वेळ, गाडी कोण चालवणार, गाडीत कोण कोण. पहिल्या दोन फेऱ्यांची उत्तरं पटापट येतात. नाचानंतरच्या ओळीपाशी ‘ते आम्ही तेव्हा बघू’ असं उत्तर येतं. धोका नेमका तिथे आहे, कारण ‘तेव्हा’ म्हणजे मध्यरात्र, थकलेली मुलं, आणि आपण घरी झोपलेले.

आकडेही हेच सांगतात. प्रत्येक मैलामागे प्राणघातक अपघातांचं प्रमाण १६ ते १९ वयाच्या चालकांमध्ये वीस वर्षांवरच्यांच्या जवळपास तिप्पट आहे. शेजारी समवयस्क बसला की ते वाढतं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या संशोधन संस्थेने २०१२ साली मांडलेल्या अभ्यासानुसार, १६-१७ वर्षांच्या चालकाबरोबर मोठं माणूस नसताना एकवीसच्या आतले दोन प्रवासी असतील तर चालकाच्या मृत्यूचा धोका दुप्पट होतो, आणि तीन किंवा जास्त असतील तर चौपट. त्या मुलांचा स्वभाव वाईट असतो असं अजिबात नाही. गाडीत हसणं-खिदळणं चालू असताना सहा महिन्यांच्या अनुभवाचा चालक रस्त्यावरचा धोका उशिरा ओळखतो, इतकंच.

लायसन्स काय म्हणतं ते वाचा

सगळ्या राज्यांत नवशिक्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवानगी मिळते, आणि बहुतेक ठिकाणी रात्रीची वेळ आणि प्रवासी यांवर बंधन असतं. कित्येक पालकांना हे परीक्षेपुरतं आठवतं.

न्यू जर्सीत एकट्याने गाडी चालवायचं प्रोबेशनरी लायसन्स सतराव्या वर्षी मिळतं. ते असेपर्यंत रात्री ११:०१ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही. सोबत आईवडील नसतील तर गाडीत एकच जादा प्रवासी चालतो. फोन तर हँड्स-फ्रीसुद्धा नाही. नंबर प्लेटवर लाल स्टिकर लावणं सक्तीचं आहे. वेळेच्या बंधनातून नोकरी किंवा धार्मिक कार्यक्रमासाठी लेखी पुराव्यावर सूट मिळते. प्रॉम त्यात बसत नाही. म्हणजे एडिसन किंवा पार्सिपनीतला मुलगा अकराला हॉलमधून निघून स्वतः गाडी चालवत घरी आला, तर न पिता, काळजीपूर्वक चालवत आला तरी नियम मोडलाच.

कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्यांना पहिले बारा महिने रात्री ११ ते पहाटे ५ बंदी, आणि पंचविशीवरचा लायसन्सधारक सोबत नसेल तर विसाच्या आतला प्रवासी नाही. शाळेच्या अधिकृत कार्यक्रमासाठी मुख्याध्यापकांच्या सहीची चिठ्ठी चालते, पण ती चिठ्ठी मित्राच्या घरच्या आफ्टर-पार्टीला लागू होत नाही. टेक्ससमध्ये अठराच्या आतल्यांना मध्यरात्र ते पहाटे ५ बंदी आणि कुटुंबाबाहेरचा एकवीसच्या आतला एकच प्रवासी; शाळेच्या कार्यक्रमासाठी वेळेत सूट आहे. इलिनॉयमध्ये शुक्रवार-शनिवारी रात्री ११ ते सकाळी ६. तुमच्या राज्याचा नियम मोटार वाहन विभागाच्या संकेतस्थळावर मुलाबरोबर वाचा. ‘बाबा म्हणतात म्हणून’ यापेक्षा ‘कायदा आहे’ हे मित्रांपुढे सांगायला मुलाला सोपं जातं.

येणं-जाणं कसं: आमची पसंती क्रमाने

पहिली पसंती अगदी साधी. जाताना मुलांनी जावं, येताना पालकांपैकी कोणीतरी घ्यायला जावं. चार-पाच घरांनी मिळून पाळी लावली तर दोनच माणसं जागी राहावी लागतात. सात सीटची गाडी असलेल्या घराने रात्रीची फेरी घ्यावी, बाकीच्यांनी फोटोच्या वेळची. घ्यायला जाणाऱ्याने संध्याकाळी तास-दीड तास झोपून घ्यावं, आणि त्या रात्री स्वतःही ग्लास हातात धरू नये. हॉलच्या दारात मुलांना आईबाबांची गाडी नको असते. त्यांचा तो संकोच खरा आहे, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा: पार्किंगचा अमुक कोपरा, शेजारचा पेट्रोल पंप.

दुसरी पसंती लिमो (ड्रायव्हरसकट भाड्याने मिळणारी लांब गाडी) किंवा पार्टी बस. इथे ‘ड्रायव्हर आहे ना’ म्हणून पालक गाफील होतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या स्कोहॅरी इथे एका लांबवलेल्या लिमोच्या अपघातात २० माणसं गेली. ती गाडी तपासणीत नापास झालेली होती आणि तिचे ब्रेक सदोष होते. म्हणून बुकिंगआधी कंपनीचा यूएसडॉट नंबर (केंद्रीय परिवहन खात्याकडचा नोंदणी क्रमांक) मागा आणि केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तपासणीचा इतिहास पाहा. कॅलिफोर्नियात टीसीपी परवान्याचा (भाड्याने प्रवासी नेण्याच्या राज्याच्या परवान्याचा) नंबरही मागा. विम्याचा कागद मागा. प्रत्येक सीटला पट्टा आहे का, ते गाडी प्रत्यक्ष बघून खात्री करा. भिंतीला पाठ लावून आडव्या बसायच्या सीट असतात, तिथले पट्टे कुशनखाली गेलेले असतात. करारात ‘गाडीत दारू नाही, पत्त्यात बदल फक्त पालकांच्या फोनवरून’ असं लिहून घ्या. चांगली कंपनी याला लगेच हो म्हणते.

तिसरी पसंती टॅक्सी अॅप. अठराच्या आतल्या मुलाला उबरचं साधं खातं वापरता येत नाही, आईच्या खात्यावरून एकट्याला पाठवणंही नियमात बसत नाही. १३ ते १७ वयासाठी उबरचं वेगळं टीन खातं आहे. ते पालकांच्या खात्याला जोडलेलं असतं, प्रवास सुरू होण्याआधी ड्रायव्हरला पिन सांगावा लागतो, आणि गाडी कुठे आहे हे पालकांना दिसतं. ही सोय सगळ्या गावांत नाही. म्हणून आधीच्या आठवड्यात एक छोटी फेरी करून बघा. प्रॉमच्या रात्री साडेअकराला खातं उघडायला बसलात तर काही जमणार नाही.

मुलानेच चालवायचं हा शेवटचा पर्याय, आणि तोही कायद्याने परवानगी असेल तरच. मग पुढचं सगळं त्याच्यासाठी.

गाडीची तयारी

शुक्रवारी प्रॉम असेल तर आधीच्या रविवारी गाडी तपासा म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला दिवस राहतात. टायरमधली हवा गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी मोजा. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. खाचांसाठी एक सेंटचं नाणं घ्या, लिंकनचं डोकं खाली करून खाचेत उभं धरा. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर टायर संपला. मे महिन्यात गडगडाटी पाऊस पडतो, आणि गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतात.

हेडलाइटच्या काचा बाहेरून आणि समोरची काच आतून पुसा. आतल्या बाजूला बसलेला तेलकट थर दिवसा दिसत नाही, रात्री समोरच्या दिव्यात तो पांढरा पडदा होतो. टाकी भरून ठेवा, वीजेची गाडी असेल तर पूर्ण चार्ज करा. ग्लव्ह बॉक्समध्ये रजिस्ट्रेशन, विम्याचं कार्ड, आणि कागदावर लिहिलेले चार फोन नंबर. फोनची बॅटरी संपली तर मुलांना आईचा नंबरसुद्धा पाठ नसतो.

आणि एक सराव. प्रॉमच्या आधीच्या आठवड्यात, त्याच रस्त्याने, त्याच वेळी, अंधारात, शेजारी तुम्ही बसून एकदा जाऊन या. हॉलच्या पार्किंगमधून हायवेला लागायचं वळण कुठलं, कुठला एक्झिट डावीकडून निघतो, कुठे रस्त्याला दिवे नाहीत, हे त्याच्या डोळ्यांखालून जायला हवं. आमच्या मते या यादीत सर्वांत जास्त फळ देणारा तास हाच.

कपडे, बूट, पट्टा

याकडे कोणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर. लांब गाउन किंवा लेहेंगा घालून गाडी चालवू नये. कापड पायांत येऊन ब्रेक आणि अॅक्सिलरेटरच्या मध्ये अडकतं. चालवायचंच असेल तर घेर गुडघ्यांपर्यंत वर घेऊन मांड्यांखाली दाबून बसावं आणि निघण्याआधी गाडी उभी असताना तीन-चार वेळा ब्रेक दाबून पाहावा. उंच टाचांचं तसंच. टाच मॅटमध्ये रुतते आणि पाय किती दाबला गेला ते कळत नाही. साधे सपाट बूट घालून चालवावं, सँडल मागच्या सीटखाली. ड्रायव्हरच्या पायाशी काहीही नको. सुटलेली चप्पल घरंगळत ब्रेकखाली जाते.

पट्टा घेताना कंबरेचा भाग कापडाच्या वरून पोटावर येता कामा नये. घेर बाजूला सारून पट्टा कंबरेच्या हाडांवर घट्ट बसवायचा, मग कापड वरून सोडायचं. ओढणी गळ्याभोवती नको. मुलांनी कोटाच्या छातीवरचं टाचणीचं फूल गाडीत काढून ठेवावं, खांद्याचा पट्टा नेमका त्यावर दाबतो. चुरगळण्याच्या भीतीने मुलं पट्टा लावत नाहीत, किंवा खांद्याचा भाग पाठीमागे टाकतात. अमेरिकेत गाडीत जीव गमावणाऱ्या किशोरवयीनांपैकी जवळपास निम्म्यांनी पट्टा लावलेला नसतो. मागच्या सीटवरही लावायचा: धडक बसली की मागचा न बांधलेला मुलगा पुढच्याच्या पाठीवर आदळतो. पाच पट्ट्यांच्या गाडीत सहावा नाही, मांडीवर कोणी नाही. चालकाने सगळे ‘क्लिक’ ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

रस्त्यावर

फोन ड्रायव्हिंग मोडवर टाकून डिकीत किंवा मागच्या सीटवर. रस्ता दाखवायचं, गाणी बदलायचं, आईला मेसेज करायचं काम शेजारच्याचं. ताशी ५५ मैलांवर पाच सेकंद फोनकडे बघितलं की गाडी ४०० फूट आंधळी धावते.

रात्री पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर ठेवायचं, पावसात सहा. सिग्नल हिरवा झाला तरी मनात एक-दोन म्हणून, डावी-उजवी बघून मगच निघायचं, कारण मध्यरात्रीनंतर लाल तोडणारे बरेच असतात. हायवेवर उजव्या लेनमध्येच राहायचं. नशेत चुकीच्या दिशेने हायवेवर शिरलेला माणूस आपण उजव्या बाजूने चाललोय असं समजतो, आणि ती आपल्या दृष्टीने सर्वांत डावी लेन असते. झाडीच्या भागात हरीण आडवं आलं तर सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग वळवायचं नाही. हरणाला वाचवायला वळलेली गाडी झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर जाते. आणि एक हरीण गेलं की मागून दुसरं येतं, हे धरून चालायचं.

दारू, गांजा आणि झोप

तिघांचा विचार एकत्र करायला हवा, कारण त्या रात्री हे तिन्ही एकत्रच येतात. एकवीसच्या आत दारू बेकायदा आहे. गाडी चालवताना प्रौढांना रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ टक्क्यांची मर्यादा असते (युटामध्ये ०.०५), पण एकवीसच्या आतल्यांना कुठल्याही राज्यात ०.०२ च्या खालीच राहावं लागतं, काही राज्यांत शून्य. म्हणजे एक बिअरसुद्धा महागात पडते. शरीर तासाला साधारण ०.०१५ एवढंच अल्कोहोल जिरवतं. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, बटाटेवडे, कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री एकला ०.०८ असलेला मुलगा सकाळी सहालासुद्धा पूर्ण उतरलेला नसतो.

गांजाच्या गोळ्या आणि चॉकलेटं हा नवा प्रकार. त्यांचा परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढतो. ‘काहीच झालं नाही’ म्हणून मुलगा गाडीत बसतो आणि अर्ध्या वाटेत त्याचं अंतराचं भान जातं. मुलांशी याबद्दल उघड बोला. लाज वाटते म्हणून आपण हा विषय टाळतो आणि मुलं ती माहिती एकमेकांकडून घेतात.

झोपेचं तर कोणी मोजतच नाही. सकाळी साडेसहाला उठून शाळेत गेलेल्या मुलाचे रात्री साडेअकराला सतरा तास होतात. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंद होते. त्या दिवशी दुपारी तासभर झोपायला लावा, केशरचनेची वेळ त्यानुसार घ्या.

एच-४ (एच-१बी वगैरे नोकरीच्या व्हिसावरच्यांच्या कुटुंबाचा) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. नशेत गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी कोर्टाचा निकाल लागण्याआधीच अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. मग पुढच्या वेळी भारतात जाऊन परत येताना नव्याने अर्ज करावा लागतो, वैद्यकीय तपासणी लागू शकते. हे मुलाला भीती घालायला सांगू नका, माहिती म्हणून सांगा, आणि त्याच दमात सांगा की म्हणूनच फोन कर, आम्ही येतो.

आफ्टर-पार्टी तुमच्या घरी असेल तर ‘बाहेर पिण्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर पिऊ दे’ हा विचार सोडा. अनेक राज्यांत घरात अल्पवयीनांना पिऊ दिलं तर यजमानावर गुन्हा दाखल होतो, आणि तिथून निघालेल्या गाडीच्या अपघाताचा दावाही त्याच्यावर येऊ शकतो. पार्टी दुसऱ्याच्या घरी असेल तर त्या आईवडिलांना स्वतः फोन करा: तुम्ही रात्रभर घरी आहात ना, दारू नाही ना. मुलं चिडतील. करा तरी. शाळेने किंवा पालकसंघाने भरवलेली, बाहेर पडलं की परत आत न घेणारी आफ्टर-प्रॉम पार्टी असेल, तर तिची तिकिटं आधी काढा.

घरचा करार आणि एक मराठी वाक्य

किशोरांच्या सॅड या संस्थेने १९८० च्या दशकात आईवडील आणि मुलांमधल्या लेखी कराराची पद्धत रूढ केली. त्याचा गाभा आजही तोच. मुलाने लिहून द्यायचं: मी प्यायलेल्याच्या गाडीत बसणार नाही, स्वतः प्यायलो तर चालवणार नाही, फोन करीन. आपण लिहून द्यायचं: रात्री कितीही वाजता येऊ, आणि त्या रात्री एक प्रश्न विचारणार नाही. हे दुसरं वाक्य आपल्याला जड जातं. गाडीत बसल्याबसल्या ‘तरी सांगत होते’ सुरू झालं, की पुढच्या वेळी फोन येत नाही. बोलायचं असेल ते दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर.

मित्रांसमोर ‘मला घरी यायचंय’ म्हणणं मुलांना अवघड असतं. आपल्याकडे एक मोठी सोय आहे, मराठी. एक वाक्य ठरवून ठेवा. मुलीने फोन करून ‘आई, पोळ्या झाल्या का?’ विचारलं की आईने ‘आजीला बरं नाही, मी निघाले’ एवढंच म्हणायचं आणि गाडी काढायची. बाजूच्या कोणाला काही कळत नाही, आणि मुलीला सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागत नाही. घरी एकदा खोटा फोन करून सराव करा. मेसेजवरही तेच वाक्य चालावं.

कोणी शुद्धीवर नसेल, उठवून उठत नसेल, श्वास मंद वाटत असेल तर घरी फोन करण्याआधी ९११. बहुतेक राज्यांत जीव वाचवण्यासाठी मदत बोलावणाऱ्या अल्पवयीनाला पिण्याच्या गुन्ह्यातून संरक्षण मिळतं. त्याला कुशीवर झोपवायचं, एकटं सोडायचं नाही.

पोलिसांनी थांबवलं, किंवा ठोकलं तर

मागे दिवे लागले की उजवा सिग्नल देऊन सुरक्षित जागी थांबायचं, इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. उतरायचं नाही. कागद काढण्याआधी ‘ग्लव्ह बॉक्समध्ये आहेत, काढू का’ असं विचारायचं. मागच्या मुलांनीही हात दिसतील असे ठेवायचे आणि फोन काढायला खिशात हात घालायचा नाही.

अपघात झाला आणि गाडी चालत असेल तर ती शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर, घ्यायची, चारही दिवे लुकलुकत ठेवायचे, ९११ ला फोन करून हायवेचा नंबर, दिशा आणि मैलाचा आकडा सांगायचा. उतरणं सुरक्षित असेल तर सगळ्यांनी कठड्यापलीकडे जायचं, गाडीच्या मागे-पुढे उभं राहायचं नाही. गाडी धावत्या लेनमध्ये अडकली असेल आणि बाजूने रहदारी असेल, तर पट्टा लावून आतच बसायचं. कोणालाही मार बसला असेल तर दिसायला किरकोळ असला तरी सांगायचं.

दुसऱ्या दिवसाची सकाळ

न्यू जर्सीत प्रॉमनंतर मुलं वीकेंडला समुद्रकिनारी जातात, सीसाइड हाइट्स किंवा वाइल्डवूडला. रात्री नियम पाळलेली मुलं पहाटे दोन तास झोपून गार्डन स्टेट पार्कवेवर गाडी घेऊन निघतात. या फेरीला आधीच्या रात्रीचेच नियम लावा. सलग सात तास झोप झाल्याशिवाय किल्ली नाही, म्हणजे निघायची वेळ सकाळी आठ नसून दुपारी बारा. किनाऱ्यावरून परत येतानाही चालक कोण, गाडीत किती जण, अकराच्या आत घरी पोचणं जमेल का, हे त्याच कागदावर खाली लिहून घ्या. जमणार नसेल तर परतीला बस किंवा तुमच्यापैकी कोणीतरी.